पावणेदोन कप धुकं

नकाशाबाईंनी एकाहत्तर वर्षांत वाइनचा थेंब जिभेवर ठेवला नव्हता, आणि त्याचा त्यांना ना अभिमान होता ना खंत. पोहायला शिकायचं जसं राहून गेलं, तसंच हेही राहून गेलेलं. त्यामुळे एका रविवारी सकाळी फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि भाचीला म्हणाल्या, “शनिवारी मला वाइन चाखायला बोलावलंय,” तेव्हा भाचीच्या हातातला टोस्ट तोंडापर्यंत पोचलाच नाही.

“कुणी?”

“शंकासुरानं.”

“मावशी, तुझी झोप झालीय ना नीट?”

झोप नीट झाली होती. शंकासुर हे नववीच्या वर्गातल्या एका मुलीचं नाव होतं, म्हणजे वर्गानं तिला ठेवलेलं. नावं ठेवण्यात तो वर्ग पटाईत. भूगोलाच्या बाई त्यांच्या लेखी नकाशाबाई होत्या, कारण त्या फळ्याकडे न बघता नकाशा काढायच्या. तोंड मुलांकडे, बोलणं चालू, आणि उजवा हात पाठीमागे फळ्यावर आपला आपण फिरतोय. दक्षिण अमेरिका तर एका दमात निघायची. रुंद खांदा, मग पोट, मग खाली निमुळती होत गेलेली वाळक्या मिरचीसारखी शेपटी. मागच्या बाकावरची मुलं पुस्तकातला नकाशा वर धरून ताडून बघायची आणि हात टेकायची.

जग दाखवणाऱ्या या बाई स्वतः मात्र शहराबाहेर तीनदा गेल्या होत्या, तिन्ही वेळा कुणाच्या ना कुणाच्या लग्नाला. चोविसाव्या वर्षी शाळेत लागल्या, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. मधली वर्षं शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेली, आधी आईबरोबर, मग एकटीनं, मग बहिणीची मुलगी नोकरीसाठी आली तेव्हापासून तिच्याबरोबर. खाली दिवसभर शिलाई मशिनं चालायची आणि बाईंच्या खाटेचा एक पाय त्या तालावर हलायचा. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर बाई म्हणायच्या, “वेळापत्रकात तास बसला नाही.” विचारणारा हसायचा आणि विषय तिथेच मिटायचा.

शंकासुराशी त्यांची गाठ पडली ती एका उत्तरपत्रिकेवरून. तेव्हा बाई अडतीस वर्षांच्या होत्या. सहामाहीच्या पेपरात तीन मार्कांचा प्रश्न होता: दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यात शेती का होत नाही? कारणे द्या. पुस्तकातलं उत्तर साडेचार ओळींचं. समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यामुळे पाऊस पडत नाही, फक्त धुकं येतं, जमीन वालुकामय आहे. चाळीस मुलांनी ते उत्तर थोडंफार चुकत लिहिलं होतं. एका मुलीनं लिहिलं होतं, “शेती होत नाही हे मला पटत नाही. रोज धुकं येतं असं धड्यातच आहे. धुकं म्हणजे पाणीच. ते अजून कुणी गोळा केलं नाही, एवढंच.”

बाईंनी लाल शाईनं भोपळा काढला आणि खाली लिहिलं, “प्रश्न नीट वाच.”

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी. दोन घट्ट वेण्या, एका मोज्याचं इलॅस्टिक गेलेलं, हातात पेपर. “बाई, उत्तर चूक आहे की पुस्तकात नाही?”

बाईंनी पेपर हातात घेतला. तेवढ्यात खिडकीजवळून कुणीतरी फस्सकन हसलं. ते रसायनशास्त्राचे सर होते. त्यांना मुलं लिटमस म्हणायची, कारण चिडले की कानापर्यंत लाल व्हायचे आणि थंडीत ओठ निळे पडायचे. माणूस मापाचा एवढा पक्का, की ब्युरेटमधून एक थेंब जास्त पडला तर सगळ्या वर्गाला प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. चहातली साखरसुद्धा चमच्यावर सपाट करून घ्यायचे.

“बाई, पोरगी म्हणतेय ते तपासून बघायला काय हरकत आहे?” सर म्हणाले. “थंडी सुरू झालीय. आपल्याकडेही धुकं पडतंच की.”

“तपासा,” बाई म्हणाल्या. मनातून त्या जरा दुखावल्या होत्या.

पुढचे आठ दिवस शाळेच्या गच्चीवर नुसता धुडगूस. कुणाच्या घरची जुनी नायलॉनची मच्छरदाणी आली. व्हॉलीबॉलचे दोन खांब आले. सरांनी प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली आणि ती जाळीच्या खाली बांधली, पन्हळीच्या टोकाला काचेचा जग. शिपायानं हे सगळं बघून विचारलं, “सर, डास पकडायचेत का गच्चीवरचे?” बाई रोज म्हणायच्या की मी काही वर येणार नाही, आणि रोज स्वेटर चढवून वर जायच्या.

नवव्या दिवशी पहाटे असं धुकं पडलं की समोरच्या इमारतीच्या टाक्या दिसेनाशा झाल्या. सर अंधार असतानाच गच्चीवर जाऊन बसले होते. साडेसातला मुलं धापा टाकत वर पोचली तेव्हा काचेच्या जगात पाणी होतं. सरांनी ते मापून फळ्यावर लिहिल्यासारखं खणखणीत आवाजात जाहीर केलं, “पावणेदोन कप!” मग प्रत्येकाला एकेक चमचा धुकं मिळालं. कुणी डोळे मिटून प्यायलं, कुणी म्हणालं गोड लागतं, एकाला तर सर्दी झाल्यासारखं वाटायला लागलं. शंकासुरानं चमचा चाटून पुसून परत केला आणि बाईंकडे बघितलं. काही बोलली नाही. न बोलणं हे तिच्या बाबतीत इतकं विरळ होतं की बाईंनाच ओशाळल्यासारखं झालं.

मार्क मात्र वाढले नाहीत. निकालाचा कागद ऑफिसात गेलेला होता, आणि तो एकदा गेला की ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. पण ती पहाट बाईंच्या मनात घर करून राहिली. पुढे कितीतरी वर्षं, खिडकीजवळच्या त्या टेबलावर दोघं समोरासमोर बसून वह्या तपासायची. सर हिरव्या शाईनं, बाई लाल. मध्येच एकानं “गच्ची आठवते?” म्हणायचं आणि दुसऱ्यानं नुसतं हसायचं. सर विवाहित, बाई आपल्या जागी. तेवढ्या हसण्याला काही नाव द्यायची गरज कुणालाच पडली नाही. मग सर निवृत्त झाले, चार वर्षांनी बाई. सरांची बायको गेली तेव्हा बाई भेटून आल्या. त्यानंतर शाळेच्या मोठ्या बाईंच्या अंत्ययात्रेत दोघं भेटली, “फोन करू हं” म्हणाली, त्यालाही आता अकरा वर्षं झाली होती.

आणि आता हा फोन. शंकासुर सत्तेचाळीस वर्षांची होती. शेतकीचं शिक्षण घेऊन ती नेमकी त्याच किनाऱ्यावर गेली होती, शेती होत नाही म्हणून बाईंनी शिकवलेल्या. तिथे समुद्राजवळच्या टेकड्यांवर द्राक्षांचा मळा होता, वाइन तिथेच तयार व्हायची, आणि मळ्याचं सगळं पाणी ही बघायची. पंधरा दिवसांसाठी ती गावी आली होती, येताना पेटीभर बाटल्या घेऊन. एका वाइनच्या दुकानात शनिवारी दुपारी चार वाजता चाखण्याचा कार्यक्रम.

“बाई, तुम्ही नाही आलात तर मी तोंड उघडणार नाही,” ती फोनवर म्हणाली होती.

“तू तोंड न उघडणं हे शाळेत जमलं असतं तर बरं झालं असतं,” बाई म्हणाल्या. “लिटमस सरांना सांगितलंस?”

“त्यांचा नंबर कुणाकडेच नाही.”

नंबर बाईंकडे होता. तोच, जुन्या डायरीतला. फोन सुनेनं उचलला. बाई गडबडल्या आणि तोंडून निघून गेलं, “लिटमस सर आहेत का?” पलीकडे सून खो खो हसत सुटली. “बाबा, तुमचा फोन! तुमचं हे नाव आम्हाला कधी सांगितलं नाहीत ते!”

सर फोनवर आले. ऐकू कमी येत असल्यामुळे ते ओरडून बोलत होते. “वाइन? मी? डॉक्टरांनी मीठ बंद केलंय माझं!”

“वाइनमध्ये मीठ नसतं, सर.”

“समुद्राजवळची म्हणताय ना?”

“म्हणजे काय समुद्र ओततात का त्यात?”

“तेच तपासायला पाहिजे,” सर म्हणाले, आणि बाईंना कळलं की ते येणार.

शनिवारी बाईंनी राखाडी रंगाचा ठेवणीतला स्वेटर काढला. भाचीनं सांगून ठेवलं होतं, रिकाम्या पोटी जाऊ नकोस, आणि घोटाघोटानं घे, गटागटा नको. “मी काय उन्हातून आलेली म्हैस आहे?” म्हणून बाई बाहेर पडल्या. सर दुकानाच्या दाराशी आधीच उभे होते. केस पार पांढरे, कानात यंत्र, अंगात तोच तपकिरी कोट, आता दोन मापं मोठा झालेला. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

“बारीक झालात,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही नाही झालात,” सर म्हणाले, आणि मग आपण काय बोललो हे लक्षात येऊन लाल झाले. बाई मनापासून हसल्या. रंग अजून शाबूत होता.

दुकानाच्या मागे लांबट खोली होती. भिंतीला बाटल्यांच्या फळ्या, मध्ये एक लांबच लांब टेबल, त्यावर पांढरा कागद अंथरलेला. प्रत्येकासमोर चार ग्लास, पाणी, पावाचे तुकडे, आणि दर दोन माणसांत एक स्टीलचं भांडं. वीसेक लोक होते, बहुतेक निम्म्या वयाचे. शंकासुर धावत आली. वेण्या गेल्या होत्या, चेहरा उन्हानं रापलेला होता, पण चालणं तेच, एखाद्याशी भांडायला निघाल्यासारखं. ती वाकली, तेवढ्यात बाईंनी तिला वर ओढून जवळ घेतलं. सरांकडे वळून ती म्हणाली, “सर, ओळखलंत?”

“मोजे वर कर,” सर म्हणाले.

दुकानदार हा टकलू, गोल चेहऱ्याचा, कमरेला काळा एप्रन बांधलेला माणूस. त्यानं सगळ्यांना रीत समजावली. आधी रंग बघा, मग वास घ्या, मग थोडी तोंडात घेऊन घोळवा, आणि मग या भांड्यात थुंका.

बाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “काय करायचं?”

“थुंकायचं, बाई. नाहीतर चारही संपेपर्यंत चढेल.”

चौतीस वर्षं बाईंनी थुंकणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं होतं. आता वीस माणसांसमोर, पांढऱ्या कागदाशेजारी, चकचकीत भांड्यात त्यांनी स्वतः थुंकायचं? पहिला घोट तोंडात घेऊन त्यांनी भांड्याकडे बघितलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि गिळून टाकला. पुढेही दर वेळी तेच झालं. त्या भांड्यानं बाईंचा एक थेंबही पाहिला नाही.

पहिली पांढरी वाइन, जवळजवळ पाण्याच्या रंगाची. लोक सांगू लागले. एकीला लिंबाची साल लागली, एकाला कापलेल्या गवताचा वास आला. दुकानदार माना डोलावत होता. बाईंनी पुन्हा ग्लास नाकाशी नेला. हा वास त्यांच्या ओळखीचा होता, अगदी रोजच्या ओळखीचा, पण नाव सापडेना. मग एकदम सापडलं.

“ओला फळा,” त्या म्हणाल्या. “सकाळी पहिल्या तासाला ओल्या फडक्यानं पुसलेला. अजून वाळला नाहीये आणि कुणीतरी त्यावर खडू टेकवलाय.”

दुकानदारानं ग्लास उचलून पुन्हा हुंगला, भुवया वर गेल्या. “अहो, मी दहा वर्षं लोकांना दगडी वास, दगडी वास म्हणून सांगतोय आणि कुणाला पटत नव्हतं!” त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

“आम्ल मात्र सणसणीत आहे,” सर मोठ्यांदा म्हणाले. “आणि मीठ आहे! किंचित आहे!”

“मीठ नाही, सर.”

“बाई, जीभ माझी आहे.”

“भास आहे तो तुमचा, मीठ बंद झाल्यापासूनचा.”

वाद मिटवायला शंकासुर उभी राहिली. मळ्याबद्दल सांगायचं होतं, पण भिंतीवर नकाशा नव्हता. दुकानात भाव लिहायचा एक काळा फळा होता, तो पुसून तिनं खडू बाईंच्या हातात दिला. बाई उठल्या. गुडघे कुरकुरले. त्यांनी लोकांकडे तोंड केलं, हात मागे नेला आणि बोलता बोलता किनारा वरपासून खालपर्यंत उतरवला. मधेच किंचित आत आलेला बाक, मग सरळ, मग शेपटी. वळून बघितलं तर शेपटी जरा आखूड झाली होती. बाकी कुणाला ते कळलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते आणि बाईंना फळ्यासमोर उभं राहून इतकं भरून आलं होतं की त्या “बसा, बसा” म्हणाल्या, आणि मग लक्षात आलं की सगळे बसलेलेच आहेत.

मग शंकासुर बोलली. समुद्रातला थंड प्रवाह, त्यावरून सकाळी चढत येणारं धुकं, दुपारपर्यंत झाकलेली टेकडी. या गारव्यामुळे द्राक्षं हळूहळू पिकतात आणि आंबटपणा टिकवून धरतात. मळ्यात फवारणीची औषधं नाहीत. किडे खायला बदकं सोडतात, गवत खायला मेंढ्या. बाटलीची काचसुद्धा पातळ, म्हणजे एवढ्या लांब वाहून न्यायला इंधन कमी लागावं. आणि टेकडीच्या माथ्यावर धुकं अडवणाऱ्या जाळ्या. “सगळा मळा काही धुक्यावर भिजत नाही,” ती म्हणाली. “थापा मारणार नाही. पण नवी रोपं आणि कुंपणाची झाडं त्यावर जगतात, आणि टाक्या धुण्याचं पाणीही त्यातूनच भागतं. आणि हे कुठून सुरू झालं सांगू? मला भूगोलात शून्य मिळालं तिथून.”

मग तिनं सगळी हकिकत सांगितली. सगळे बाईंकडे बघायला लागले.

“दिलं होतं,” बाई म्हणाल्या. दोन घोट पोटात गेले होते, आवाज नेहमीपेक्षा मोकळा निघाला. “पुस्तकाबाहेरचं लिहिलं म्हणून शून्य दिलं. उत्तर बरोबर होतं. चूक माझी होती.”

“मग आता द्या की मार्क!” कुणीतरी ओरडलं.

“निकाल लागलाय,” बाई म्हणाल्या, आणि खोली हसण्यानं भरून गेली.

शंकासुरानं गच्चीवरची पहाट सांगितली. मच्छरदाणी, खांब, चमचे, आणि पावणेदोन कप. सरांचे कान लाल झालेले बाईंनी बघितले. वाइन चढली असेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्या ग्लासात फिकट लाल वाइन आली, ओल्या मातीसारख्या वासाची, पण सरांनी ती नुसती फिरवत ठेवली. मग ते बाईंच्या कानाशी झुकले. त्यांच्या मते ते कुजबुजले.

“मी पाणी घातलं होतं!”

टेबलावरच्या सगळ्या माना वळल्या. दुकानदाराचा चेहरा पांढराफटक पडला. “कशात पाणी? कुणी घातलं पाणी?”

“फुलदाणीत,” बाई पटकन म्हणाल्या. “घरच्या. विसरले होते, आता आठवलं.” आणि त्यांनी सरांचा कोट धरून त्यांना दुकानाच्या दाराबाहेर, फुटपाथवर आणलं.

“आता सांगा.”

सर भिंतीला टेकले. “त्या काचेच्या जगात साठ मिलिलिटर होतं, बाई. फक्त साठ. मी पहाटे मोजलं. एक्केचाळीस मुलं चमचे घेऊन यायची होती. मी जग घेऊन प्रयोगशाळेत गेलो आणि त्यात डिस्टिल्ड वॉटर ओतलं. तीनशे साठ.”

बाईंनी मनात बेरीज केली. “म्हणजे चारशेवीस?”

“हो.”

“आकडासुद्धा शोभेलसाच निवडलात!” बाई म्हणाल्या. हसू येत होतं आणि रागही येत होता, दोन्हींची तोंडात गर्दी झाली. एका थेंबासाठी पोरांना रडवणारा हा माणूस! “आणि तेहेतीस वर्षं मला बोलला नाहीत. माझ्यासमोर बसून वह्या तपासत होतात.”

“तुम्हीच ‘गच्ची आठवते?’ म्हणायचात. मग कसं सांगणार?”

“तिला सांगा.”

“आता? इतक्या वर्षांनी? तिचा विरस होईल हो.”

“सर, वर्गात कॉपी पकडली की तुम्ही काय म्हणायचात?”

खिशातून रुमाल काढून सरांनी कान पुसले, जणू रंग पुसता येतो.

चौथी वाइन गडद होती, मिरीसारखी तिखट. बाईंना ती फारशी आवडली नाही, पण टाकणं जिवावर आलं म्हणून संपवली. साडेपाचला लोक उठले, बाटल्या विकत घेऊन पांगले. दुकानदार ग्लास गोळा करू लागला. शंकासुर दोघांसमोर खुर्ची ओढून बसली. सरांनी सांगितलं. काही झाकलं नाही, साठ आणि तीनशे साठ, दोन्ही आकडे मिलिलिटरमध्ये सांगितले.

ती हसेल असं बाईंना वाटलं होतं. ती हसली नाही. टेबलावरच्या कागदावर पडलेल्या वाइनच्या डागाभोवती बोट फिरवत राहिली.

“तीन वर्षं, सर,” ती शेवटी म्हणाली. “माझी पहिली तीन वर्षं त्या आकड्यात गेली. आपली जाळी केवढी होती ते मला पाठ होतं. त्यावरून मी हिशोब मांडला, इथे एवढं धुकं आहे, तर एवढं पाणी यायलाच पाहिजे. आलं सातवा हिस्सा. मला वाटलं माझंच काही चुकतंय. जाळीची वीण बदलली. पुन्हा बदलली. उंची बदलली, तोंड कुठल्या दिशेला ते बदललं. मळ्याचे मालक म्हणाले, सोड आता. मी म्हटलं, माझ्या शाळेच्या गच्चीवर निघालं होतं, इथे का नाही निघणार?”

“निघालं का?” सरांनी विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता.

“चौथ्या विणीत. दुहेरी, तिरकी. आजूबाजूच्या कुणाच्याच जाळीला इतकं येत नाही.” तिनं डागावरून बोट उचललं. “खरा आकडा माहीत असता तर पहिल्याच वर्षी सामान बांधून परत आले असते. ते मला कळतंय. पण राग येतोच ना, सर. रात्र रात्र रडलेय मी त्या टेकडीवर.”

“माफ कर, पोरी.”

“माफी नको. लिहून द्या.”

“काय?”

“तिथे सगळ्यांना तो आकडा माहीत आहे. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी तो सांगते. आता खरा सांगावा लागेल. तर तारीख घालून, सही करून, मिलिलिटरमध्ये लिहून द्या. आणि का केलंत तेही लिहा.”

दुकानदारानं कागद दिला. सरांनी चष्मा पुसला, हिरव्या शाईचं पेन खिशातून काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहायला घेतलं. अर्धं पान झालं. शंकासुरानं वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि मग एकदम सरांच्या खांद्यावर डोकं टेकवून ती हसायला लागली. रडत होती की हसत होती ते बाईंना नीट दिसलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्याच डोळ्यांसमोर धूसर झालं होतं.

बसस्टॉपवर अजून ऊन होतं. बाईंचे पाय हलके पडत होते, आणि शिस्तीच्या माणसाला त्याची मोठी गंमत वाटते. दोघं बाकावर बसली.

“का केलंत, ते काय लिहिलंत?” बाईंनी विचारलं.

“मुलांना एकेक चमचा मिळावा म्हणून.”

“एवढंच?”

सर रस्त्याकडे बघत होते. “तुम्ही त्या दिवशी सगळ्यांच्या आधी आला होतात. सात वाजता. मी जग लपवून उभा होतो. तुम्ही विचारलंत, ‘निघालं का हो पाणी?’ असं विचारलंत, की मला नाही म्हणवेना. ‘मापून आणतो’ म्हटलं आणि जग घेऊन खाली गेलो. तुम्ही हरायला आला होतात, बाई, आणि खुशीत आला होतात. तसं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. ते नाही लिहिलं कागदावर.”

बाईंची बस आली, थांबली, गेली. मग बाई म्हणाल्या, “अकरा वर्षांत एक फोन नाही केलात.”

“तुम्ही तरी कुठे केलात?”

“मला वाटलं तुम्ही कराल.”

“मलाही तेच वाटलं.”

दुसरी बस आली. तिच्यात गर्दी होती म्हणून सोडली, असं बाईंनी घरी सांगितलं. भाची नोकरीवरून नुकतीच आली होती. “चढलीय का गं तुला?” तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, “थोडी,” आणि स्वेटर न काढताच खिडकीशी बसून राहिल्या. खाली शिंप्याचं शेवटचं मशिन चालू होतं.

शंकासुर पुढच्या आठवड्यात परत गेली. हंगामात दोघांनी यावं म्हणून तिनं फार आग्रह केला, पण सरांच्या डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं, आणि एकटीनं जायला बाईंचं मन घेईना. दुकानदारानं मात्र पिच्छा सोडला नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी तो कुठल्यातरी नव्या देशाची वाइन लावतो आणि आधी बाई येऊन त्या देशाचा नकाशा काढतात. सर शेजारी बसून आम्लाबद्दल बोलतात, मोठ्या आवाजात. गेल्या वेळी एका बेटाची वाइन होती. बाईंना त्या बेटाचा आकार आठवेना. मग सरांनी कागदावर एक वेडावाकडा बटाटा काढून दाखवला, आणि बाईंनी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.